‘मला जमेल का?’ : विद्यार्थ्याची स्व-प्रतिमा आणि शिकण्याची ओढ

पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘पोरगं हुशार आहे हो, पण अभ्यासाला बसतच नाही.’ शिक्षकांच्या खोलीत हीच तक्रार जरा कडक शब्दांत येते : ‘त्याला शिकायचंच नाही.’ दोन्हीकडचं गृहीत एकच आहे. शिकण्याची ओढ हा अंगचा गुण. कुणात असतो, कुणात नसतो. ज्याच्यात नाही त्याला दटावायचं, आमिष दाखवायचं, नाहीतर त्याचा नाद सोडायचा, एवढेच मार्ग मग उरतात.

शैक्षणिक मानसशास्त्रातल्या गेल्या पन्नास वर्षांच्या कामाने हे गृहीत बरंचसं मोडीत काढलं आहे. मराठीच्या तासाला हात वर करकरून बोलणारी मुलगी पुढच्याच तासाला, गणिताला, मान खाली घालून बसते. मधल्या पाच मिनिटांत तिचा स्वभाव बदललेला नसतो. या विषयात आपण कोण आहोत, याबद्दलचं तिचं मत मात्र दोन तासांना वेगवेगळं असतं, आणि तिचा हात वर जातो की खाली राहतो हे पुष्कळदा त्या मतावर ठरतं.

हे मत कसं तयार होतं, त्याचा ओढीशी नेमका संबंध काय, कोणते दावे टिकले आणि कोणते गळून पडले, याचा हा आढावा आहे. या सगळ्या कामातून मला एक निष्कर्ष ठामपणे निघालेला दिसतो. मुलाची स्व-प्रतिमा शब्दांनी फुगवून ओढ वाढत नाही. आपल्याला जमतंय याचा खरा, डोळ्यांना दिसणारा पुरावा मुलाच्या हाती पडला की दोन्ही सोबत वाढतात. तो पुरावा मिळेल अशी व्यवस्था करणं हे शाळेचं काम आहे.

एक मूल, अनेक प्रतिमा

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९०मध्ये आत्मसन्मानाचं एक साधं सूत्र मांडलं होतं : मिळालेलं यश भागिले बाळगलेल्या अपेक्षा. म्हणजे ऐंशी टक्के मिळवणारं मूलही स्वतःला अपयशी समजू शकतं. घरात नव्वदच्या गोष्टी चालत असतील तर समजतंच. जेम्सच्या नंतर बराच काळ स्व-प्रतिमा ही एकसंध गोष्ट मानली गेली आणि एका प्रश्नावलीने ती मोजता येईल असं समजलं गेलं. १९७६मध्ये रिचर्ड शेव्हलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चित्र बदललं. स्व-प्रतिमेला अनेक अंगं आहेत, असं त्यांनी मांडलं : अभ्यासातली, मित्रांमधली, खेळातली, दिसण्याबद्दलची. अभ्यासातल्या प्रतिमेलाही पुन्हा विषयवार फांद्या आहेत.

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या हर्बर्ट मार्श यांनी हा आराखडा पुढे वर्षानुवर्षं तपासला. त्यातून आलेला एक शोध प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. गणितात चांगली असणारी मुलं भाषेतही साधारणपणे चांगली असतात. दोन्ही विषयांच्या गुणांत घट्ट नातं असतं. २००९मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हा सहसंबंध ०.६७ एवढा निघाला. पण ‘मी गणितात कसा आहे’ आणि ‘मी भाषेत कसा आहे’ या दोन मतांमधला सहसंबंध जेमतेम ०.१० होता. मार्श यांनी १९८६मध्ये याचं कारण सांगितलं होतं. मूल एकाच वेळी दोन तुलना करत असतं. एक वर्गातल्या इतरांशी, दुसरी स्वतःच्याच दुसऱ्या विषयाशी. मराठीत ८५ आणि गणितात ७० मिळवणारी मुलगी, वर्गाची गणिताची सरासरी ५० असली तरी, ‘माझं गणित कच्चं आहे’ असंच म्हणते. तिच्या नजरेसमोर वर्ग नसतो, स्वतःचे ८५ असतात.

दहावीनंतर शाखा निवडताना ही आतली तुलना फार महाग पडते. गणित झेपेल एवढी तयारी असलेली मुलं ‘आपला तो प्रांत नाही’ म्हणून बाजूला होतात. महाराष्ट्रात २०१६पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. आवड कुठे आहे हे अशा चाचणीतून कळतं. आवड नसण्यामागे खरोखर नावड आहे की आपल्याला जमणार नाही ही समजूत आहे, हे मात्र शिक्षकाने मुलाशी बोलूनच शोधावं लागतं.

‘जमेल का?’ आणि ‘कशासाठी?’

प्रेरणेचा अभ्यास करणाऱ्यांचं एका गोष्टीवर बऱ्यापैकी एकमत आहे. कोणतंही काम हाती घेताना मूल स्वतःला दोन प्रश्न विचारतं. मला हे जमेल का? आणि हे करून मला काय मिळणार? जॅकलिन एकल्स आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये या दोन प्रश्नांवरच आपला सिद्धान्त उभारला. दोन्हींपैकी एकाचं उत्तर ठाम ‘नाही’ असेल तर प्रयत्न थांबतो. दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळतात, हेही पुढे दिसलं. जे जमत नाही ते हळूहळू निरुपयोगी वाटायला लागतं. ‘बीजगणिताचा आयुष्यात काय उपयोग?’ असं आठवीतला मुलगा चिडून विचारतो, तेव्हा अनेकदा तो पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

‘जमेल का?’ या प्रश्नाचा सर्वांत खोल अभ्यास आल्बर्ट बांडुरा यांनी केला. १९७७मध्ये त्यांनी स्वक्षमतेवरील विश्वासाची कल्पना मांडली. हा विश्वास म्हणजे ‘मी चांगला आहे’ ही सर्वसाधारण भावना नव्हे. समोरचं हे ठरावीक काम मी करू शकेन, एवढीच ती नेमकी खात्री आहे. ती चार वाटांनी येते : स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमलेलं पाहणं, विश्वासाच्या माणसाने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड किंवा शांतपणा. चारांत पहिली वाट सर्वांत जोरकस आहे, हे नंतरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं. धीर देणारे शब्द उपयोगी पडतात, पण हातून झालेलं काम त्याहून मोठ्याने बोलतं.

बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे जवळून पाहण्यासारखा आहे. साधारण सात ते दहा वर्षं वयाची चाळीस मुलं त्यांनी घेतली. वजाबाकी कच्ची आणि गणितात रस नाही, अशीच मुलं निवडली. मुलांनी स्वतः वाचून सोडवायचा ४२ पानांचा संच होता आणि त्यासाठी सात बैठका. एका गटाला सांगितलं, प्रत्येक बैठकीत सहा पानं करायची. दुसऱ्या गटाला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं संपवायची. तिसऱ्या गटाला काहीच लक्ष्य दिलं नाही. हिशेब पाहिला तर पहिल्या दोन गटांपुढचं काम अगदी सारखं होतं. सात सक बेचाळीस. तरीही पहिला गट पुढे गेला. वजाबाकी त्यांना अधिक चांगली आली आणि आपल्याला ती येते हा विश्वासही त्यांचाच वाढला. नंतर ‘वजाबाकी सोडवा किंवा हे दुसरं काम करा, तुमची मर्जी’ असं सांगितल्यावर आपणहून जास्त वजाबाक्या सोडवल्या त्याही याच मुलांनी. ज्या विषयाचा कंटाळा होता त्याची गोडी लागली. बक्षीस नव्हतं, ‘तू हुशार आहेस’ असं कुणी म्हटलं नव्हतं. दर बैठकीला सहा पानं पुरी झाल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं, एवढंच.

हातच्याच्या वजाबाकीशी झटणारी तिसरी-चौथीची मुलं आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. ‘पुढच्या महिन्यात चाचणी आहे, सगळी वजाबाकी पक्की करा’ असं सांगणं आणि ‘आज एवढी दहा उदाहरणं, उद्या त्यात मध्ये शून्य असलेली’ असं सांगणं यांतलं अंतर किती मोठं आहे, ते या प्रयोगावरून कळतं.

आधी विश्वास की आधी यश?

स्व-प्रतिमा आणि प्रेरणा यांत नातं आहे हे कळल्यावर एक सोपी कल्पना जगभर पसरली : मुलांचा आत्मसन्मान वाढवा, बाकीचं आपोआप होईल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमलं. शाळांतून ‘मी खास आहे’ छापाचे उपक्रम सुरू झाले. २००३मध्ये रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाची झाडाझडती घेतली आणि निर्वाळा दिला की, सर्वसाधारण आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासातली कामगिरी सुधारते याला भक्कम आधार नाही. चांगले गुण मिळणाऱ्यांचा आत्मसन्मान जास्त असतो खरा, पण त्यात बराच वाटा उलट दिशेचा आहे. यशामुळे सन्मान वाढलेला असतो.

मग स्व-प्रतिमेला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती विषयाशी बांधलेली असेल तेव्हा. २००४मध्ये जेफ्री व्हॅलेंटाइन आणि सहकाऱ्यांनी मुलांचा दीर्घकाळ माग घेणारे अभ्यास एकत्र तपासले. आधीचे गुण जमेस धरूनही मुलाच्या स्वतःबद्दलच्या मताचा पुढच्या कामगिरीवर स्वतंत्र परिणाम होतो, असं त्यांना आढळलं. तो परिणाम लहान होता, सरासरी ०.०८, पण मत त्या-त्या विषयाबद्दलचं असेल तर तो अधिक स्पष्ट दिसला. मार्श यांचंही सांगणं हेच : यशाने विश्वास वाढतो, विश्वासाने प्रयत्न टिकतो आणि प्रयत्नातून पुन्हा यश येतं. दोन्ही दिशांनी वाहतूक चालू असते.

लहान वयात मात्र एक दिशा जास्त वाहती असावी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांवर झालेल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गणितातल्या आधीच्या कामगिरीवरून पुढची गोडी सांगता आली. आधीच्या गोडीवरून पुढची कामगिरी सांगता आली नाही. प्राथमिक शिक्षकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. ‘आधी गोडी लावू, मग शिकवू’ अशी वाट पाहू नये. नीट शिकवणं, प्रत्येक मुलाला जमेपर्यंत शिकवणं, हाच गोडी लावण्याचा मोठा मार्ग आहे.

अपयशाचा अर्थ कोण लावतं?

दोन मुलांना गणितात सारखेच ३५ गुण पडतात. एक पुढच्या चाचणीला कंबर कसतो, दुसरा वही मिटतो. फरक कशात आहे? बर्नार्ड वायनर यांनी १९७०च्या दशकापासून याचं उत्तर शोधलं. मूल अपयशाचं कारण काय मानतं, यावर पुढचं पाऊल ठरतं. कारण बदलता येण्याजोगं असेल, म्हणजे सराव कमी पडला, पद्धत चुकली, तर उमेद राहते. कारण कायमचं आणि आपल्या हाताबाहेरचं मानलं, ‘मी ढच आहे’, तर प्रयत्नाला अर्थच उरत नाही.

कॅरल ड्वेक यांनी हा धागा पुढे नेला. १९९८मध्ये क्लॉडिया म्यूलर यांच्यासोबत पाचवीच्या मुलांवर केलेले त्यांचे प्रयोग गाजले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या बुद्धीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली. त्यानंतर पुन्हा सोपी दिल्यावर, बुद्धीचं कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. आपले गुण इतरांना कळवताना वाढवून सांगणारी मुलंही पहिल्या गटात जास्त होती. ‘हुशार’ ही पदवी एकदा मिळाली की ती राखण्याची धास्ती सुरू होते.

२००६मधल्या ड्वेक यांच्या पुस्तकानंतर या विचाराचं मोठं पेव फुटलं. ‘बुद्धी वाढते’ असं मुलांना सांगितलं की सगळं बदलेल, असा समज झाला. संशोधनाने त्याला आवर घातला. २०१८च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम फारच किरकोळ दिसला. २०१९मध्ये डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका तासाहून कमी वेळाच्या या उपक्रमाने मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी चारांपैकी ०.१ एवढी वाढली. इतक्या स्वस्त उपायासाठी हे कमी नाही, पण हा चमत्कारही नाही. वर्गात नव्या प्रयत्नाला वाव मिळत असेल, तरच असा विचार मुळं धरतो.

मेहनतीच्या कौतुकातही एक खाच आहे. रात्रंदिवस घोकूनही नापास झालेल्या मुलाला ‘मेहनत कमी पडली’ म्हणणं क्रूर आहे. जॉन निकोल्स यांनी दाखवलं की, साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत मुलांच्या मनात मेहनत आणि क्षमता यांत नीटसा भेद नसतो. त्यानंतर मुलांना कळायला लागतं की सारख्याच यशासाठी ज्याला जास्त राबावं लागतं त्याची क्षमता कमी समजली जाते. मग मेहनत उघडपणे करणंच धोक्याचं वाटतं. मार्टिन कव्हिंग्टन यांनी याला आत्ममूल्य जपण्याची धडपड म्हटलं. मेहनत करून नापास झालं तर ‘ढ’ ठरतो. न करता नापास झालं तर निदान ‘केलाच नाही हो अभ्यास’ असं म्हणता येतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रिकेट खेळणारा नववीतला मुलगा नेहमी बेफिकीर असतोच असं नाही. पुष्कळदा तो स्वतःची लाज राखत असतो. अशा मुलाला आळशी म्हणून आपण त्याची ढाल अधिक घट्ट करतो.

वर्ग, तुकडी आणि समाजाची नजर

स्व-प्रतिमा मनात असली तरी ती घडते चारचौघांत. मार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलेला ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ हा परिणाम याचा सर्वांत पक्का पुरावा आहे. सारख्याच क्षमतेची दोन मुलं घेतली तर, जे अतिहुशार मुलांच्या शाळेत जातं त्याची अभ्यासातली स्व-प्रतिमा साध्या शाळेतल्या मुलापेक्षा खाली जाते. २००३मध्ये मार्श आणि किट-ताइ हाउ यांनी २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांच्या माहितीत हेच पाहिलं.

महाराष्ट्रात हे दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये घडतं. गावच्या शाळेत कायम पहिली येणारी मुलगी दहावीला नव्वदच्या वर गुण घेऊन अकरावी विज्ञानासाठी लातूरला किंवा पुण्याला येते. वर्गात सगळेच आपापल्या शाळेतले पहिले. त्यात मराठी माध्यमातून आलेली असेल तर काल ‘बल’ आणि ‘संवेग’ म्हणून चोख समजलेलं आज ‘फोर्स’ आणि ‘मोमेंटम’ होऊन समोर येतं. संकल्पना तीच, पण उत्तर माहीत असूनही ती बोलत नाही. पहिल्या चाचणीत क्रमांक शंभराच्या पलीकडे लागला की ‘मी हुशार होते, ती गावापुरती’ असा निकाल ती स्वतःच लावून टाकते. तिची क्षमता तसूभरही कमी झालेली नसते. मोजायची पट्टी बदललेली असते. हे तिला आधीच, स्पष्ट शब्दांत कुणीतरी सांगायला हवं. पहिल्या दोन महिन्यांतले क्रमांक भिंतीवर लावू नयेत, एवढं तरी महाविद्यालयांना आणि क्लासवाल्यांना सहज करता येईल.

‘अ’ तुकडीत हुशार आणि ‘ड’ तुकडीत उरलेले, ही प्रथाही अशीच. लहान तळं म्हणून ‘ड’ तुकडीत मुलांना बरं वाटेल असं कुणी म्हणेल, पण तुकडीवरचा शिक्का सगळ्या शाळेला वाचता येतो. शिक्षकांची अपेक्षाही त्या शिक्क्याबरोबर खाली येते. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८मध्ये शिक्षकांच्या अपेक्षेने मुलांची बुद्धी वाढल्याचा दावा केला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. पुढच्या संशोधनाने तो दावा बराच खाली आणला : असा परिणाम असतो, पण बहुधा लहान असतो. मात्र ज्यांच्याकडे समाज आधीच कमी लेखून पाहतो त्या मुलांवर तो जास्त होतो.

आपल्या देशात या नजरेचं सर्वांत जुनं नाव जात आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. सुटेल त्या कोड्याला पैसे. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव-गाव आणि जात उच्चारली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. २००६च्या त्यांच्या लेखातला पुढचा भाग अधिक विचार करायला लावतो. बक्षीस माणसाच्या हातून न ठरता चिठ्ठी टाकून ठरेल असं सांगितल्यावर ही दरी नाहीशी झाली. म्हणजे ‘मला जमणार नाही’ एवढंच मुलांच्या मनात नव्हतं. ‘मला जमलं तरी हे लोक देणार नाहीत’ हेही होतं. इथे मुलाची समजूत काढून काय होणार? त्याच्या अनुभवाने त्याला जे शिकवलं आहे ते चुकीचं ठरेल असं वागणं वर्गात दिसायला हवं.

असं वागणं काय घडवू शकतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या समाजाला अक्षर वर्ज्य होतं त्यातली एक शाळकरी मुलगी धर्म आणि न्याय यांबद्दल उघड सवाल करते. तिच्या शिक्षकांनी तिला नुसती बाराखडी दिली नव्हती. ‘तू विचारू शकतेस’ हे वागण्यातून दिलं होतं.

बक्षीस, क्रमांक आणि आतली ओढ

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते आतून येणारी ओढ तीन गरजांवर जगते : आपल्याला जमतंय असं वाटणं, आपल्या मर्जीला काही जागा असणं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. बाहेरचं आमिष यात ढवळाढवळ करू शकतं. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रकलेकडे इतरांपेक्षा कमी लक्ष दिलं. ध्यानीमनी नसताना प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.

म्हणून सगळी बक्षिसं बंद करा, असा याचा अर्थ नाही. कौतुक ‘तुला हे कसं जमलं’ ही माहिती देत असेल तर ओढ टिकते; लगाम म्हणून येत असेल तर विझते. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी बोर्डाने बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, पण चौकाचौकांतल्या फलकांवर ती यादी अजून झळकते. त्या फलकावर नसलेल्या हजारो मुलांना तो रोज काय सांगतो, याचा विचार व्हायला हवा.

एक सावधगिरीची सूचना मात्र नोंदवायला हवी. गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत जपान, कोरिया, तैवान इथली मुलं वरच्या क्रमांकांवर असतात, तरी स्वतःच्या क्षमतेबद्दल ती फारसं चांगलं बोलत नाहीत. प्रत्येक देशाच्या आत मात्र ज्याचा विश्वास जास्त त्याची कामगिरी सरस, हे नातं दिसतंच. देशादेशांत स्वतःबद्दल बोलण्याच्या रीती वेगळ्या असतात. तेव्हा विश्वासाचा नुसता आकडा पाहून एखाद्या वर्गाला किंवा समाजाला निकाली काढू नये.

आपल्या शाळांपुढचं काम

या संशोधनाची पुस्तकं हाती येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या काही शिक्षकांनी ही वाट चोखाळली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा नेली. मुलांना जे आधीपासून येत होतं, झाडं, पानं, दगड, गाणी, तिथूनच शिकणं सुरू झालं. लीला पाटील यांनी १९८५मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या स्वतःच्या प्रश्नांना आणि अनुभवांना अभ्यासक्रमात जागा मिळाली.

मागे पडलेल्या मुलांबाबतही आपल्याकडचाच पुरावा आहे. मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने चालवलेल्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्याच तरुण मुलींनी तिसरी-चौथीच्या मागे राहिलेल्या मुलांना वाचन आणि अंकगणिताच्या पायापासून शिकवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात मुलांच्या कामगिरीत ठोस सुधारणा दिसली. त्या अभ्यासाने गुण मोजले, मन नाही. पण मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली तर ‘जमलं’ हा अनुभव रोज मिळतो, आणि बांडुरांची पहिली वाट तीच आहे.

कायद्याने पाया घातलेला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे वर्गात रोज ऐकवणं त्यात बसतं, असं मला वाटतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा हेतू मुलाला आपली प्रगती दाखवण्याचा होता. अनेक ठिकाणी ते रकाने भरण्यापुरतं उरलं. २०१९मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. नापास करण्याची भीती घालून ओढ निर्माण होते याला या आढाव्यातल्या कोणत्याही संशोधनाचा आधार नाही. न शिकवता पुढे ढकलणंही तितकंच वाईट, कारण सातवीत गेलेल्या ज्या मुलाला भागाकार येत नाही, त्याला आपण मागे आहोत हे रोज कळत असतं. दोन्हींच्या मधला रस्ता, वेळेवर आणि नेमकी मदत, हाच महाग आणि हाच खरा आहे.

शिक्षकांना उद्यापासून करता येतील अशा काही गोष्टी या सगळ्यातून हाती येतात. मोठं काम लहान टप्प्यांत तोडून द्यावं आणि टप्पा पुरा झाल्याची खूण मुलाला स्वतःला करू द्यावी. पेपर परत देताना क्रमांक पुकारू नये. कुठे चुकलं आणि पुढे काय करायचं ते लिहावं, आणि सुधारून पुन्हा लिहायची संधी द्यावी. अमेरिकेत सातवीच्या एका छोट्या प्रयोगात, निबंध तपासून देताना ‘माझी तुझ्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि तू ती पुरी करशील याची मला खात्री आहे, म्हणून या सूचना लिहिल्या आहेत’ अशा अर्थाची चिठ्ठी जोडली. काळ्या मुलांमध्ये निबंध पुन्हा लिहून आणणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून सत्तरीच्या पुढे गेलं. सूचना कडकच होत्या. त्यांच्यामागचा विश्वास आता मुलांना दिसला. गोड बोलून दर्जा खाली आणण्याची गरज नाही.

पालकांनी मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करण्याऐवजी त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या वहीशी करावी. ‘किती पडले?’ याच्या जोडीला ‘मागच्या वेळी अडलं होतं ते आता सुटलं का?’ एवढं विचारावं.

शासनाकडेही एक मागणी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे आणि त्यात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करण्याला जागा आहे. ती जागा ‘मी चांगला विद्यार्थी आहे’ अशा छापील वाक्यापुढे टिकमार्क करून भरू नये. ‘पूर्वी मला हे येत नव्हतं, आता येतं, आणि हा त्याचा पुरावा’ असं मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं, आणि ते लिहिता येईल असं शिकवण्याची जबाबदारी शाळेने घ्यावी. त्यासाठी वर्गातली मुलांची संख्या आटोक्यात हवी आणि शिक्षकांच्या मागचं अशैक्षणिक कामांचं झेंगट कमी व्हायला हवं. एवढं केलं नाही तर मुलांमध्ये ओढ नाही, अशी तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.